बॉस नाही, मग पगार कोण ठरवतो?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘आमच्याकडे बॉस नाही, सगळे सारखे’ असे सांगणाऱ्या नोकरीच्या जाहिराती हल्ली तरुणांना फार भुलवतात. या कल्पनेचे गाजलेले उदाहरण म्हणजे अमेरिकेतली व्हॉल्व्ह ही व्हिडिओ गेम कंपनी. मायक्रोसॉफ्ट सोडून आलेल्या दोघांनी ती १९९६ मध्ये काढली. ‘हाफ-लाइफ’ हा गेम तिचाच.

नव्या कर्मचाऱ्यांसाठीची तिची पुस्तिका २०१२ मध्ये बाहेर आली. कुणी कुणाच्या हाताखाली नाही. टेबलांना चाके आहेत. जे काम करावेसे वाटेल तिकडे टेबल ढकलत न्यायचे. माणूस निवडताना स्वतःला विचारायचे, हा उद्या माझा बॉस झाला तर चालेल का?

यातली चाकांची टेबले सगळ्यांच्या लक्षात राहिली. त्याच पुस्तिकेत कंपनीने आपल्या उणिवाही लिहिल्या आहेत, त्या मात्र कुणी सांगत नाही. नव्या माणसाला वाट दाखवणे आम्हाला नीट जमत नाही, हाताशी धरून शिकवणे जमत नाही, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे ही जागा आधीच तयार झालेल्या माणसाची. कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलामुलींनी नेमके हेच पान वाचायला हवे.

आणि सत्ता नाहीशी होते का? तिथे सहकारीच एकमेकांची क्रमवारी लावतात आणि तिचा पगाराशी संबंध असतो. हार्डवेअर विभागातून कमी केल्या गेलेल्या जेरी एल्सवर्थ यांनी २०१३ मध्ये उघडपणे सांगितले की, वरवर सगळे समान असले तरी आत वजनदार लोकांचा एक न दिसणारा थर होता. साहेब दिसत असला तर निदान तक्रार कुणाकडे न्यायची ते कळते.

व्हॉल्व्हला हे परवडते, कारण ‘स्टीम’ या तिच्या ऑनलाइन गेम-दुकानात दुसऱ्यांचे गेम विकले गेले की सहसा ३० टक्के वाटा तिला मिळतो. कर्ज काढून उभ्या राहिलेल्या छोट्या स्टुडिओला असा आधार नसतो. त्याने बॉस काढून टाकला, तर बॉसची कामे बहुधा सर्वांत नव्या, ‘नाही’ म्हणू न शकणाऱ्या पोरांवर येऊन पडतात.

म्हणून मुलाखतीला जाणाऱ्यांनी न संकोचता विचारावे: माझा पगार कोण ठरवणार, पहिले सहा महिने मला कोण शिकवणार, माझे कुणाशी बिनसले तर ऐकून कोण घेणार? आपल्या करिअर पुरवणीने हे प्रश्न ठळकपणे छापावेत, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे