शेडवरचे फोटो आणि उन्हातलं निळं चित्र

पुणे

ती. आई-बाबांना,
सा. न.

बेदाण्याच्या शेडवर येणाऱ्या बायकांसाठी नि वस्तीवरच्या पोरांसाठी फोटोचं शिबिर घ्यायचं तुम्ही ठरवलंत. लिहूनच पाठवते. फोनवर बाबा नुसतं 'हो हो' म्हणतात.

कॅमेरे विकत घेऊ नका. चौघींत एक मोबाइल पुरे. आधी त्याची काच सुती कापडानं पुसायला लावा. डिपिंग ऑइलचं (द्राक्षं वाळवण्याआधी ज्यात बुडवतात त्या तेलाचं) बोट लागलं की फोटो धुरकट येतो आणि सगळ्या म्हणतात मोबाइल बिघडला. बोटांनी झूम करायचं नाही, दोन पावलं पुढं जायचं. शेडमध्ये एक अडचण हमखास येईल: हिरव्या शेडनेटमधून आलेल्या उजेडानं चेहरे आजारी दिसतात. म्हणून माणसाला उघड्या बाजूला, सावलीच्या कडेला उभं करा. बेदाण्याचा जवळून फोटो मात्र रॅकपाशी आतच घ्या. हिरव्या मण्यांना तो रंग शोभतो.

रोज माणशी दहाच फोटो. मर्यादा नसली की शंभर काढतात आणि एकही नीट बघत नाहीत. त्यातले दोन जिनं काढले तिनंच निवडायचे, आपण नाही. तासगावच्या स्टुडिओत सहा बाय चारच्या दोन-दोन प्रती काढून आणा: एक दोरीवर लावायला, एक फोटोतल्या माणसाच्या हातात द्यायला. ही दुसरी प्रत चुकवू नका. फोटो काढून नेणारे पुष्कळ येतात, परत देणारे थोडे.

आई, फोटोखालच्या ओळी तू लिही. ती बाई बोलेल तशाच. 'न्हाई'चं 'नाही' करायचं नाही. बाबा, लाल पेन कपाटात.

परवानगी दोनदा विचारा, काढताना आणि लावताना. पोरांची आई-बापांकडून. मजुरीच्या वहीचा नाहीतर पाण्याच्या रांगेचा फोटो चावडीवर लागला तर कुणाला तरी झोंबणारच, आणि त्याचा त्रास आपल्याला नाही, तिला होईल. म्हणून लावायचा की नाही हे तिनं ठरवायचं.

हा काही माझा शोध नाही. चीनच्या युनानमध्ये 1990च्या दशकात कॅरोलिन वांग आणि मेरी ॲन बरिस यांनी खेड्यातल्या बायकांच्या हाती कॅमेरे दिले, आणि त्यांचे फोटो अधिकाऱ्यांपुढं ठेवले. जोहान्सबर्गला डेव्हिड गोल्डब्लॅट यांनी 1989मध्ये मार्केट फोटो वर्कशॉप सुरू केलं, वर्णभेदामुळं ज्यांना हे शिक्षण मिळत नव्हतं त्यांच्यासाठी. आपल्याकडं अधिकारी म्हणजे ग्रामसभा. तारीख बघून त्याच दिवशी दोरी बांधा.

पोरांसाठी निळी चित्रं, म्हणजे सायनोटाइप: रसायन लावलेल्या कागदावर पान ठेवून ते उन्हात उमटवायचं. कॅमेरा लागत नाही, 1842 सालची पद्धत आहे. फेरिक अमोनियम सायट्रेट (हिरवं) 25 ग्रॅम 100 मिली पाण्यात, पोटॅशियम फेरिसायनाइड 10 ग्रॅम दुसऱ्या 100 मिलीत. दोन्ही काळ्या बाटल्यांत वेगवेगळी ठेवायची, लागतील तेव्हाच सारखी मिसळायची. दहा-दहा मिलीत पोस्टकार्डाएवढे वीसेक कागद होतात. अंधाऱ्या खोलीत स्पंजनं पातळ थर द्या आणि तिथंच वाळवा. ओला कागद उन्हात नेला तर डाग पडतात. वर द्राक्षाचं पान, त्यावर काच, चारी बाजूंनी चिमटे. एप्रिलच्या दुपारी दहाएक मिनिटं बास, पण आधी एक तुकडा टाकून बघा. पिवळट-हिरवा कागद निळा होत होत राखाडी पडला की उचलायचा आणि पाण्यात घालायचा. पानाखालचं पिवळं निघून जातं, पांढरी शिरांची जाळी उरते. पोरं तिथं ओरडतातच.

बोअरच्या जड पाण्यात निळा रंग फिका पडतो. पहिल्या पाण्यात बादलीमागं एक लिंबू पिळा. साबणाचं किंवा धुण्याच्या सोड्याचं पातेलं तर अजिबात नको, रंग पिवळा पडतो. हातमोजे घालायचे, भांडी प्लास्टिकची आणि पुन्हा स्वयंपाकघरात न आणण्याची. संडास धुवायचं ॲसिड त्या खोलीतही ठेवू नका. फेरिसायनाइडमध्ये ते पडलं तर विषारी वायू निघू शकतो.

बाटल्या मीच घेऊन येते, एसटीच्या पार्सलनं नको. तोवर जाड ड्रॉइंग पेपर आणा, पातळ कागद पाण्यात फाटतो. काचांच्या कडा घासून घ्या. चिमटे आईच्या दोरीवर आहेतच, निम्मे धुण्याला राहू द्या.

तुमची,
लेक