सूचना : शिल्लक रजा घ्या

उपवन तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्या सर्व सभासदांसाठी,

दिवाळी तोंडावर आली, तरी बऱ्याच जणांची रजा तशीच पडून आहे. कृपया ती घ्या. अमेरिकेत हृदयविकाराचा धोका असलेल्या 12 हजारांहून अधिक पुरुषांची नऊ वर्षं पाहणी झाली. 2000 साली निष्कर्ष आले : दरवर्षी सुट्टी घेणाऱ्यांत हृदयविकाराने मृत्यूचं प्रमाण कमी होतं. (मुळात धडधाकट माणूसच जास्त सुट्ट्या घेतो, हेही आहेच.) सुट्टीचा ताजेपणा कामावर परतल्यावर लवकर ओसरतो, म्हणून वर्षातून एकदाच पंधरा दिवस घेण्यापेक्षा मधूनमधून चार-चार दिवस घेतलेले बरे.

कोकणात जा, नाहीतर घरीच राहा. घोडबंदर रोडवरची रोजची वाहतूक कोंडी तरी चुकेल. ऑफिसचा ग्रुप मात्र म्यूट करा. प्रवासाला जाताना बीपी-शुगरच्या गोळ्या आणखी दोन दिवस पुरतील इतक्या सोबत ठेवा आणि डिकीतल्या बॅगेत न टाकता हाताशी ठेवा. आणि गावी जाऊन घरच्या बाईनेच तिन्ही त्रिकाळ स्वयंपाक करायचा असेल, तर ती तिची सुट्टी नव्हे. तिथली कामं वाटून घ्या.

कोण कधी बाहेरगावी आहे ते रविवारपर्यंत ग्रुपवर कळवा, म्हणजे एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ सभासदांकडे रोज कोणी डोकवायचं ते ठरवता येईल.