यंदाच्या आगेऱ्याबद्दल

प्रिय आई-बाबा,

फोनवर बाबा मला वाक्य पुरं करू देत नाहीत, म्हणून पत्र. आई, तू मोठ्याने वाच. मध्ये थांबू नकोस.

मी फादरांना सांगून आलेय, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेऱ्याच्या, आपल्या नव्या भाताच्या सणाच्या, मिरवणुकीत बाबा भाताची पेंढी घेऊन चालणार नाहीत. तुम्हाला न विचारता सांगितलं. चुकलं असेल. पण गेल्या वर्षी देवळाच्या, आपल्या चर्चच्या, पायरीवर जे झालं, त्यानंतर विचारलं असतं तर 'हो' म्हणाला असतात का? डॉक्टर काय म्हणाले ते आईला तुम्ही अर्धंच सांगितलंत, तेही मला ठाऊक आहे.

पेंढी दादाचा मुलगा घेईल. तुम्ही दाराशी खुर्चीत बसायचं. पेंढी आधी तुमच्या हातात देतील, मगच आशीर्वादाला आत जाईल. एवढं मी कबूल करून घेतलंय. आपली शेतं गेली, निदान पेंढी तरी आपल्या हातून जावी, हे तुमचं म्हणणं मी विसरलेले नाही. पण बाबा, आपलं वांद्र्याचं सेंट अँड्र्यूजचं देऊळ १५७५चं. १७३७-३९मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून साष्टी घेतली त्या धामधुमीतून ते वाचलं, शेतांवर इमारती उठल्या तरी आगेरा चालूच राहिला. तुम्ही एक वर्ष बसलात म्हणून काही अडणार नाही. (एकच वर्ष म्हणतेय. पुढचं पुढे.)

अंगणातल्या त्या सतरा फुटी अखंड दगडाच्या क्रुसापाशी तुम्ही मला खांद्यावर घ्यायचात. मी कोरीव खुणा बोटाने चाचपायचे, वरपर्यंत हात काही पोचायचा नाही. 'पुढल्या वर्षी पोचेल गो,' म्हणायचात, दर वर्षी. तुमच्या मानेला खोबरेलाचा वास यायचा.

आई, अख्ख्या आळीचे फुगे, ते सणाचे गोल तळलेले पाव, तू तळायचे नाहीस. एक किलो पिठाचे तळ, बाकीचे मी घेऊन येते. माझे तुझ्यासारखे फुगत नाहीत, पण पोरं खातात. शनिवारी माणूस येऊन मोरीत धरायला दांडी बसवून जाईल, त्याला परत पाठवू नका. माळ्यावरच्या गाद्या दादा खाली आणेल. शिडीला हात लावायचा नाही, दोघांनीही. सुकं बोंबील बंद म्हणजे बंद.

आणि बाबा, सकाळची गोळी मिस्सेच्या, देवळातल्या प्रार्थनेच्या, आधीच घ्यायची. औषधाने उपास मोडत नाही, फादरांना विचारून घेतलंय.

तुमची,
धाकटी