ताप नव्हता

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

एकाच घरात राहून पत्र लिहायची वेळ आली याचं तुला हसू येईल. पण छोटीनं तिच्या बाबांना भेटायचा विषय निघाला की तू उठून आत जातेस, आणि छोटी घरात असताना मला आवाज चढवायचा नाही. म्हणून लिहून ठेवतेय. राग आला तरी पूर्ण वाच.

तुझ्या तक्रारी खोट्या नाहीत, हे आधीच सांगते. पोटगी मागितल्याशिवाय येत नाही. सहाची वेळ असली तर पोरगी साडेसातला परत येते, आणि येताना "मम्मीला भेटायला कोण कोण येतं" असले प्रश्न घेऊन येते. पोटच्या पोरीला हेर करणाऱ्या बापाचं मला काडीचं कौतुक नाही. तरीही मागच्या शनिवारी तू जे केलंस ते मला पटलेलं नाही.

"तिला ताप आहे" असं तू फोनवर सांगत होतीस तेव्हा ती दारात बूट घालून बसली होती. बाबांना दाखवायचं चित्र चुरगळू नये म्हणून मोठ्या वहीत घालून घेतलेलं. तू आत गेलीस, आणि तिनं स्वतःच्याच कपाळाला हात लावून पाहिला. मग मला विचारलं, "आजी, मला ताप आलाय का?" हो म्हणावं तर मी खोटी, नाही म्हणावं तर तू. मी काही न बोलता तिचे बूट काढले.

"पैसे देत नाही तर मुलगी कशाला दाखवू?" हे वाक्य समुपदेशनाच्या नोकरीत मी इतक्यांदा ऐकलंय की समोरच्यानं तोंड उघडलं की मला पुढचं कळायचं. शेजारच्या खुर्चीवरचा बाप तेच उलटं म्हणायचा: मुलगी दाखवत नाही तर पैसे कशाला देऊ? दोघांनाही आपला हिशोब चोख वाटतो. कोर्टाच्या लेखी मात्र हे दोन वेगळे विषय आहेत. पोटगी थकली तर वसुलीचा अर्ज करता येतो, आणि ती वसूल करायला कोर्टाच्या हातात पुष्कळ मार्ग असतात. भेट बंद करणं हा त्यातला मार्ग नाही. उलट तू भेट अडवलीस की तुझा वसुलीचा अर्जही लंगडा पडतो, कारण समोरचा वकील पोटगीचं सोडून शनिवारचंच बोलत बसतो.

बालहक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार 1989 चा आहे. त्याचं नववं कलम मी कित्येक आईबापांना वाचून दाखवलंय. आईबापांपासून किंवा दोघांपैकी एकापासून वेगळ्या राहणाऱ्या मुलाला दोघांशी नियमित आणि थेट संबंध ठेवायचा हक्क आहे, त्याच्या हिताला बाध येत असेल तर गोष्ट वेगळी. हक्क मुलाचा म्हटलाय, बापाचा नव्हे. तू धडा शिकवायला निघालीस तिच्या बापाला, आणि बूट काढावे लागले तिला.

आता कोर्टानं भेटींबद्दल दिलेल्या आपल्या हुकुमाबद्दल. त्यात "परस्पर सोयीनुसार" असं लिहिलंय. तो मसुदा करताना दोन्ही वकिलांना जेवणाची सुट्टी गाठायची घाई असावी. दोघांत सोय पाहण्याइतका समजूतदारपणा असता तर कोर्टापर्यंत गेलोच नसतो. हुकुमात महिन्यातला कितवा शनिवार, किती ते किती, न्यायचं कोणी आणि आणून सोडायचं कोणी, किती उशीर चालेल, सुट्ट्या कशा वाटायच्या, चुकलेली भेट कधी भरून काढायची, हे सगळं कागदावर हवं. आजारपणाचंही हवं. खरंच ताप असेल तर तसं वेळेत लेखी कळवायचं, डॉक्टरांची चिठ्ठी पाठवायची आणि त्याच निरोपात दुसरी तारीख द्यायची. मुलांना सोपवायची जागाही विचार करून ठरवावी लागते. शुक्रवारी शाळेतून बापानं न्यायचं आणि सोमवारी शाळेतच सोडायचं, असं काही घरांत करतात. आईबाप समोरासमोर येतच नाहीत, त्यामुळे फाटकापाशीचा तमाशा टळतो. हुकूम बदलून घेता येतो, मनू. पण बदलेपर्यंत तो जसा आहे तसा पाळावा लागतो, तुलाही आणि त्यांनाही.

परवा तू म्हणालीस, "तिलाच जायचं नसतं." कधीकधी नसतं, मीही पाहते. पण मुलं "जायचं नाही" म्हणतात त्याची कारणं एकसारखी नसतात. कधी मैत्रिणीचा वाढदिवस असतो. कधी बाबांकडे खेळायला कोणी नसतं म्हणून कंटाळा येतो. पुष्कळदा आपण गेलो तर आई रडेल या भीतीनं मूल नाही म्हणतं, आणि तिकडे गेल्यावर निघताना बाबांसाठी रडतं. आणि कधी खरोखर काहीतरी वाईट घडलेलं असतं. ते शोधायचं तर तिला शांतपणे बोलू द्यावं लागतं, "बाबांनी काय केलं?" असं खोदून विचारून भागत नाही. त्याच कराराच्या बाराव्या कलमात मुलाचं म्हणणं त्याच्या वयाच्या आणि समजेच्या मानानं विचारात घ्यावं असं आहे. न्यायाधीश चेंबरमध्ये तिच्याशी एकटीशी बोलू शकतात. त्या खोलीत तिनं तुझी वाक्यं पाठ म्हणू नयेत एवढं बघ. अनुभवी न्यायाधीशांना मोठ्यांचे शब्द लगेच ऐकू येतात.

छोटीच्या बाबांच्या वकिलाच्या नोटिशीत तू मुलीचं मन त्यांच्याविरुद्ध कलुषित करतेस असं आहे, आणि वर इंग्रजीत त्याला "पॅरेंटल एलिएनेशन सिंड्रोम" म्हटलंय. घाबरू नकोस. रिचर्ड गार्डनर नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञानं 1985 मध्ये ही कल्पना मांडली. मानसिक विकारांच्या अधिकृत याद्यांत तिला जागा मिळालेली नाही, आणि हिंसेची खरी तक्रार घेऊन आलेल्या बायकांवरच ती उलटवली जाते म्हणून तिच्यावर कडाडून टीका झालीय. पण नाव वादग्रस्त असलं तरी खोट्या तापाची नोंद खरीच असते. असे चार-पाच शनिवार साठले की कोर्ट ताब्याचाच फेरविचार करू शकतं. आपल्या हातानं त्यांना पुरावा का द्यायचा?

आणि तिकडे तिला खरंच धोका आहे असं तुला वाटत असेल, मारहाण, दारू, काहीही, तर आज रात्री मला सांग. मग उद्याच वकिलांकडे जाऊ, आणि भेट थांबवावी किंवा दुसऱ्या कोणाच्या देखरेखीखाली व्हावी असा तातडीचा अर्ज देऊ. अशा वेळी मी तुझ्या पुढे उभी राहीन. पण तसं असतं तर तू तापाचं निमित्त सांगितलं नसतंस, इतकी मी तुला ओळखते.

येत्या शनिवारी छोटीला खाली मी घेऊन जाईन. तुला त्यांचं तोंड बघायची गरज नाही. मागच्या भेटीऐवजी रविवारही चालेल, असा निरोप तू आज त्यांना पाठव. दोन ओळींचा, टोमणा न मारता. थकलेल्या पोटगीचा महिनावार तक्ता मी करायला घेतलाय, बँकेचं पासबुक आणि त्यांचे सगळे मेसेज काढून ठेव. सोमवारी वकिलांकडे जाताना दोन अर्ज वेगवेगळे करायला सांगू, एक वसुलीचा आणि एक हुकुमात वेळा नक्की करून घ्यायचा.

तुझी,
आई