मेडिकलवाल्या काकांना, त्या एका थापेबद्दल थँक्यू

काका,

तुम्ही हे वाचाल की नाही माहीत नाही, तुमच्या मोबाईलवर फक्त भजनं आणि क्रिकेट असतं. तरी लिहितेय कारण समोर येऊन बोलायला गेले की मला रडूच येईल आणि तुम्ही घाबरून ओआरएस द्याल.

जूनमध्ये मला बायपोलर आहे असं कळलं, म्हणजे कधी मन एकदम खाली, तर कधी उगाच आकाशात. त्याआधी एका डॉक्टरांकडे मी बरेच महिने डिप्रेशनच्या गोळ्या घेत होते, त्यांनी कधी म्हणजे कधीच विचारलं नाही की बाई, तुला उलटं पण होतं का, झोप न घेता फ्रेश वाटणं, तोंड न थांबणं, पैसे उडवणं. बायपोलर असेल तर नुसत्या त्या गोळ्यांनी मेनिया, म्हणजे हाच उलटा भाग, उसळू शकतो हे मला नंतर दुसऱ्या मॅडमनी सांगितलं. तोपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. मी रात्री तीनला साड्यांचा बिझनेस काढत होते आणि घरचे खूश, पोरगी एकदाची बोलायला लागली म्हणून! मग मामा म्हणाले लग्न लावून द्या. आत्याने तर देवऋषीचा नंबर पाठवला. स्टेशनजवळच्या एका मेडिकलमधल्या पोराने चिठ्ठी बघून भर गर्दीत विचारलं, "हे पेशंट कोण आहे?" मी म्हटलं भाऊ आहे. त्या दिवसापासून चिठ्ठी पुढे करायची म्हटलं की पोटात गोळा यायचा.

तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही चिठ्ठी वाचली, स्ट्रिपा कापल्या आणि एवढंच म्हणालात, "जुनं औषध आहे, पाणी भरपूर पी." त्या औषधाचं नाव लिथियम म्हटल्यावर आमच्या धाकट्याने ताई आता चार्जिंगला लावायची का असे जोक सुरू केले होते, म्हणून मी घरी जाऊन शोधलं तर खरंच जुनं निघालं, 1949 साली ऑस्ट्रेलियात जॉन केड नावाच्या डॉक्टरने मेनियासाठी वापरून बघितलेलं. का कोण जाणे, जुनं आहे म्हटल्यावर जरा धीर आला.

पण खरं थँक्यू वेगळ्याच गोष्टीचं आहे. तुम्हाला आठवत पण नसेल. माझी दाढ ठणकत होती, मी आले आणि म्हटलं कॉम्बिफ्लाम द्या. बाजूलाच आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू, ज्यांना सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत अख्ख्या बिल्डिंगला माहीत असते. तुम्ही म्हणालात, "तुला ती चालत नाही, डोलो घे." काकूंनी लगेच कान टवकारले, का गं, का नाही चालत? माझं तोंड उघडंच राहिलं. आणि तुम्ही कॅलेंडरवर नजर ठेवून, अगदी सहज, "अ‍ॅसिडिटी आहे तिला." बास! काकू गेल्यावर हळूच समजावलंत की त्या गोळीतल्या आयब्युप्रोफेनने लिथियम किडनीतून कमी बाहेर पडतं, रक्तात साठत जातं, मग उलट्या, चक्कर, तोल जाणं, त्यामुळे पेनकिलर कधी आपल्या मनाने घ्यायची नाही. त्या डॉक्टर मॅडमनी हे सांगितलं असणारच, पण तेव्हा माझ्या डोक्यात काही शिरत नव्हतं.

गोळी नाकारून तुम्ही माझी तब्येत सांभाळली, ते तर झालंच. पण त्या थापेने माझी इज्जत सांभाळली काका. (काकू आता दर रविवारी कोकम सरबत पाठवतात, तो एक साइड इफेक्ट.)

हरतालिकेला आई निर्जळी उपासाचं धरून बसली होती तेव्हाही तुम्हीच तिला दुकानात थांबवून म्हणालात, वहिनी, हिला या गोळ्यांवर पाणी आणि मीठ तोडायचं नाही, देवी रागवायची नाही. माझं दोन आठवडे ऐकलं नव्हतं, तुमचं दोन मिनिटांत ऐकलं.

दुसऱ्याचं काहीतरी माहीत असूनही ते पोटात ठेवणारी माणसं किती कमी असतात ना. आपल्याकडे मदत करणारे भरपूर, पण मदत केली की चार जणांना सांगितल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. तुमच्या त्या काउंटरवर अख्ख्या कॉलनीची दुखणी येतात, कोणाची मूळव्याध, कोणाची दारू सोडायची गोळी, आणि कधी एक शब्द बाहेर ऐकला नाही. अशा माणसांचे कोणी सत्कार करत नाही, शाल-नारळ सगळे नगरसेवकांना.

मी बरी आहे. एकदम ठणठणीत नाही, कप धरला की हात थरथरतो, तहान तर विचारू नका, वजन वाढलंय. पण रात्री झोप लागते. सोमवारी लिथियमची लेव्हल बघायला रक्त द्यायचंय, सकाळची गोळी न घेता जायचं हे लक्षात आहे, रिपोर्ट आला की दाखवते.

आणि दिवाळीत दुकान किती दिवस बंद ठेवणार ते आधी सांगा, मला गोळ्या घेऊन ठेवायच्यात.

तुमची,
अ‍ॅसिडिटीवाली