दारावरच्या कॅमेऱ्याने ऐकू नये

मा. संपादक,

घराच्या सुरक्षेसाठी कॅमेरा बसवण्याच्या हक्काविषयी माझा वाद नाही. घरात वृद्ध आईवडील एकटे असतात तेव्हा त्याचा केवढा आधार वाटतो, हे मी जाणतो. मात्र तो कुठवर पाहतो आणि मुख्य म्हणजे काय ऐकतो, याचा विचार बसवताना क्वचितच होतो, म्हणून हे पत्र.

युरोपीय महासंघाच्या न्यायालयापुढे २०१४ मध्ये चेक प्रजासत्ताकातील एका घरमालकाचे प्रकरण आले होते. घरावर वारंवार हल्ले झाल्याने त्याने कॅमेरा लावला होता आणि त्यातून संशयितांचा माग लागलाही. तरीही सार्वजनिक रस्ता व समोरच्या घराचे प्रवेशद्वार त्यात येत असल्याने हे चित्रीकरण निव्वळ घरगुती ठरत नाही, असा निकाल न्यायालयाने दिला. कुटुंबाचे रक्षण करण्याचे त्याचे हित विचारात घेता येईल, हेही त्याच निकालात नमूद आहे. मला ही भूमिका न्याय्य वाटते.

आवाजाचा प्रश्न तर याहून गंभीर आहे. कॅमेऱ्याची दिशा बदलता येते, चित्रातील शेजाऱ्याची खिडकी सेटिंगमधून झाकता येते. पण मायक्रोफोनला असे कुंपण घालता येत नाही. चित्राच्या कक्षेबाहेर उभ्या असलेल्या दोघांचे आजारपणाविषयीचे किंवा घरातल्या तंट्याविषयीचे बोलणे त्यांच्या नकळत ध्वनिमुद्रित होते आणि अनेकदा थेट एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन साठते. शेजाऱ्यांमधील अशाच एका वादात इंग्लंडमधील न्यायालयाने २०२१ मध्ये चित्रीकरणापेक्षा ध्वनिमुद्रण अधिक आक्षेपार्ह मानले, कारण कॅमेऱ्यापासून बऱ्याच अंतरावरचे संभाषणही त्यात टिपले जात होते. चोर ओळखण्यासाठी चेहरा पुरेसा असतो, त्यासाठी शेजाऱ्यांच्या गप्पा साठवण्याची गरज मला तरी दिसत नाही.

शिवाय हे साठवलेले सुरक्षित राहीलच असे नाही. कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक सॉफ्टवेअरने ताब्यात घेतले होते.

म्हणून ध्वनिमुद्रण बंद ठेवूनच कॅमेरे विकण्याची आणि पहिल्याच वापरात पासवर्ड बदलायला लावण्याची सक्ती उत्पादकांवर कायद्याने व्हावी. तोवर कॅमेरा लावणाऱ्यांनी निदान मायक्रोफोन बंद करावा, जुने चित्रण ठराविक दिवसांनी आपोआप पुसले जाईल अशी सोय करावी आणि आपल्या कॅमेऱ्यात काय दिसते ते शेजाऱ्यांना एकदा बोलावून दाखवावे, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक वाचक