‘नक्की दाखवू’ म्हणू नका

महोदय,

निवृत्तीनंतर आम्ही दोघं जमेल तसे फिरतो आणि जिथे जाऊ तिथे पक्षी पाहतो. यंदा जुलैच्या पहिल्या आठवड्यात प्रवासात एका जंगलाजवळ मुक्काम होता. तिथल्या पक्षिनिरीक्षण सहलीच्या फलकावर ‘नवरंग नक्की दाखवू’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. आम्ही नाव नोंदवलं.

मला काचबिंदू आहे. दुर्बीण लावली तरी पानांतला पक्षी मला वेगळा काढता येत नाही, त्यामुळे गेली कित्येक वर्षं मी पक्षी कानांनीच ओळखते. नवरंगाची दोन सुरांची मोकळी शीळ कधीतरी जंगलात उभं राहून ऐकायची, एवढ्यासाठीच मी गेले होते. तो बोलतो मुख्यतः तांबडं फुटताना आणि तिन्हीसांजेला. तमिळमध्ये तर त्याचं नावच ‘सहा वाजताचा पक्षी’ अशा अर्थाचं आहे. आम्हाला साडेपाचची वेळ दिली होती आणि जंगलात पाऊल पडलं साडेसातला. सोबत बावीस माणसं.

तरीही शीळ आली. डावीकडच्या झुडपातून, अगदी स्पष्ट. मी ह्यांचा दंड घट्ट धरला आणि वहीत वेळ लिहिली: सात अठ्ठेचाळीस. पाठोपाठ तीच शीळ पुन्हा, मग पुन्हा, दर वेळी तेवढ्याच अंतराने. तेव्हा लक्षात आलं. मार्गदर्शकाने मोबाइलला जोडलेला छोटा स्पीकर झुडपात ठेवला होता. मी वहीतली ओळ खोडली.

मी फसले तसा पक्षीही फसला. विणीच्या दिवसांत असा आवाज ऐकला की आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला, असंच त्याला वाटतं. तो आलाच. हे माझ्या कानात सांगत होते: ‘खालच्या फांदीवर बसलाय, शेपटी वरखाली करतोय, चोचीत गांडूळ आहे.’ चोचीत गांडूळ म्हणजे जवळपास घरटं, घरट्यात पिल्लं. नवरंगाचं घरटं म्हणजे काटक्यापानांचा गोळा, जमिनीवर नाहीतर फार उंच नसलेल्या फांदीवर, आणि पिल्लांना नर-मादी दोघंही भरवतात. हा बिचारा घास चोचीत धरून स्पीकरभोवती या फांदीवरून त्या फांदीवर करत राहिला. सगळ्यांचे फोटो होईपर्यंत अकरा मिनिटं गेली. आम्ही मागे फिरलो तेव्हाही गांडूळ चोचीतच होतं.

मी त्या मार्गदर्शक मुलाला म्हटलं, ‘अरे बाळा, पिल्लं उपाशी असतील.’ तो खाली मान घालून म्हणाला, ‘मावशी, मला कळतं. पण पक्षी दिसला नाही तर लोक पैसे परत मागतात.’ त्याला खरंच कळत होतं. परतताना बाकीचे पुढे गेले आणि आम्ही तिघं मागे राहिलो, तेव्हा त्याने नुसत्या आवाजावरून तांबट, हळद्या आणि पावशा ओळखून दाखवले. हळद्याच्या शिळेनंतर मधेच एक खरखरीत आवाज आला, मला तो दुसराच पक्षी वाटला होता. तोही हळद्याच, हे त्याने समजावलं. सगळ्या सकाळीत शिकण्यासारखं तेवढंच मिळालं. असा कान असलेल्या मुलाला स्पीकरची बटणं दाबायला लावतात, याचं मला फार वाईट वाटलं.

माझा राग त्या ‘नक्की’ या शब्दावर आहे. रानातल्या पक्ष्याची हमी दिली की ती पुरी करायला त्याला घरट्यावरून उठवावंच लागतं. ध्वनिमुद्रित आवाजांचा वापर मर्यादित ठेवा आणि घरट्यांजवळ विशेष जपून वागा, हे ‘अमेरिकन बर्डिंग असोसिएशन’ या पक्षिनिरीक्षकांच्या संघटनेच्या आचारसंहितेतही स्पष्ट लिहिलेलं आहे. सहली काढणाऱ्यांनी निदान विणीच्या हंगामात स्पीकर घरी ठेवावा, माणसं कमी घ्यावीत आणि उजाडायच्या आत निघावं. आणि आपण पर्यटकांनी पैसे भरण्याआधी ‘आवाज वाजवून पक्षी बोलावता का?’ एवढं विचारावं. ‘हो’ म्हणाले तर नाव नोंदवू नये.

– एक निवृत्त शिक्षिका